गांडूळ कापलं की दोन होतात?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत माती उकरताना कुदळीखाली गांडूळ तुटलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "असू द्या, एकाची दोन होतील." होत नाहीत. मागचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि बहुतेकदा मरतो.

वळ्यावळ्यांचं ते शरीर सगळीकडे सारखं दिसतं, पण आतून तसं नसतं. आपल्याकडच्या फेरेटिमा गांडुळात १००हून अधिक खंड असतात. मेंदू ३ऱ्या खंडापाशी, हृदयाच्या जोड्या ७व्या ते १३व्या खंडांदरम्यान, अंड्यांचा कोश बनवणारा पट्टा १४ ते १६मध्ये. म्हणजे महत्त्वाचं जवळजवळ सगळं पुढे! शेपटाकडचा भाग तुटला तर पुढचा तुकडा जगू शकतो, काही जातींत शेपूट पुन्हा वाढतंही. गांडूळ मात्र एकच राहतं.

तुकड्यातून अख्खा जीव उभा राहतो तो प्लॅनेरियात. हा चपटा कृमी, वेगळ्याच गटातला. त्याच्या जवळपास सर्वांगात मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, विखुरलेल्या असतात. तारामाशालासुद्धा तुकड्यातून पुन्हा अख्खं वाढायला बहुतेक जातींत तुटलेल्या भुजेसोबत मधल्या चकतीचा भाग लागतो.

म्हणून गांडूळखताच्या बेडमध्ये फावडं घालू नका. वरचा थर उजेडात उघडा ठेवा, गांडुळं खाली जातात. मग खत हातानं काढा.