‘नाही’ म्हणायलाही ते आधी असावं लागतं?

देव नाही म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज आहे: ‘एखादी गोष्ट नाही असं म्हणायलाही ती आधी असावी लागते, नाहीतर नाही कशाला म्हणणार?’ हा पेच खरा वाटतो. ग्रीक काळापासून भल्याभल्यांना त्याने अडवलं आहे.

‘पुण्याचा समुद्रकिनारा अस्तित्वात नाही’ हे वाक्य घ्या. व्याकरणात किनारा कर्ता आहे, म्हणून तो कुठेतरी असणार असं वाटतं. १९०५ साली एका ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञाने सुचवलेल्या वाटेने ते उलगडून लिहा: ‘पुण्यात आहे आणि समुद्रकिनाराही आहे, अशी एकही गोष्ट नाही.’ आता ‘किनारा’ कशाचंही नाव राहिला नाही, नुसतं वर्णन झाला. कात्रजपासून विश्रांतवाडीपर्यंत शोधा. मुठेचा काठ सापडेल, समुद्राचा नाही. वाक्य खरं.

‘पुण्याचा समुद्रकिनारा स्वच्छ नाही’ याचेही मग दोन अर्थ सुटे होतात: किनारा आहे पण घाण आहे (खोटं), किंवा असा स्वच्छ किनारा मुळात नाहीच (खरं). मला या पद्धतीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

देव आहे की नाही, हे यातून ठरत नाही. ‘नाकारलंत म्हणजे मानलंत’ हा युक्तिवाद तेवढा गळून पडतो. मेसेजमधलं वाक्य असंच उलगडून कोणालाही ते तपासता येतं.