डासजन्य विषाणुरोगांच्या ग्रामीण जोखमीचा अभ्यास

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे डासांवाटे होणारे विषाणुरोग एखाद्या गावात किती पसरले आहेत आणि पुढे कोणाला, कोणत्या महिन्यांत होऊ शकतील, याचा शोध घेण्याची पद्धत. साथरोगशास्त्र, कीटकशास्त्र आणि विषाणुशास्त्र या तिन्हींचा तीत वापर होतो. हिवतापही डासांमुळेच होतो. पण तो परजीवीचा रोग असल्याने त्याच्या अभ्यासाची रीत वेगळी आहे.

डेंग्यू हा शहरातला रोग, ही समजूत खेड्यांना महागात पडली आहे. 2017-18 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 15 राज्यांतील 5 ते 45 वर्षे वयाच्या लोकांचे रक्त तपासले. डेंग्यू पूर्वी होऊन गेल्याच्या खुणा शहरी भागात 70.9 टक्के, तर ग्रामीण भागात 42.3 टक्के लोकांत आढळल्या. चिकुनगुन्याचे हेच प्रमाण शहरांत 40.2 आणि खेड्यांत 11.5 टक्के होते. खेड्यातला आकडा कमी म्हणून निश्चिंत राहता येत नाही. चिकुनगुन्या एकदा होऊन गेला की दीर्घकाळ संरक्षण मिळते. म्हणजे ज्या गावात तो फारसा झालेलाच नाही, तेथे विषाणू शिरल्यास जवळजवळ सगळे गाव त्याला बळी पडू शकते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1973 साली चिकुनगुन्याची साथ आली. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात मोठी साथ नव्हती. 2005 च्या अखेरीस विषाणूचा वेगळा प्रकार आला आणि 2006 मध्ये देशभर सुमारे 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. घरातली सगळी माणसे एकदम अंथरुणाला खिळली आणि पेरणी-काढणीला हात उरले नाहीत, असे तेव्हा गावोगाव घडले.

या जोखमीचे मूळ बहुतेक ठिकाणी साठवलेल्या पाण्यात सापडते. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे रांजण, पिंप, सिमेंटची टाकी आणि गुरांचा हौद भरून ठेवण्यावाचून लोकांना इलाज नसतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून भांडी घासून कोरडी करण्यास सांगितले जाते. पण पुढचे पाणी कधी येणार याची खात्री नसताना भरलेली टाकी ओतून द्या, हा सल्ला कोणती गृहिणी मानेल? पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक न नोंदवता केलेला जोखमीचा अभ्यास त्यामुळे अपुराच मानावा लागतो.

अळ्यांची पाहणी, म्हणजे आरोग्य सेवक आणि आशा सेविका ज्याला कंटेनर सर्वेक्षण म्हणतात, घरोघर जाऊन होते. विजेरीच्या उजेडात प्रत्येक भांडे तपासतात. शंभर घरांपैकी 20 घरांत मिळून 35 भांड्यांत अळ्या सापडल्या, तर गृह निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली घरे) 20 आणि ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) 35 येतो. या मोजणीत एक मोठी उणीव आहे: फुटक्या करवंटीतल्या तीन अळ्या आणि हौदातल्या शेकडो अळ्या सारख्याच, एक-एक भांडे म्हणून धरल्या जातात. त्यामुळे अनेक अभ्यासक अळ्यांऐवजी कोष, म्हणजे अळी आणि डास यांमधली अवस्था, मोजतात. कोषातून डास बाहेर पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि गावातले बहुतेक डास कोणत्या थोड्या भांड्यांतून येतात तेही त्यावरून कळते. नुसत्या निर्देशांकावरून साथीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. दोहोंतला संबंध सगळीकडे पक्का आढळलेला नाही.

जपानी मेंदूज्वराचा अभ्यास घरातल्या भांड्यांवरून होत नाही. त्याचा क्युलेक्स डास भातखाचरांत वाढतो, तर विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. तिथे भातलावणीचा हंगाम, डुकरांचे कळप आणि संध्याकाळनंतर गोठ्याजवळ पकडलेले डास यांची नोंद लागते.

रुग्णालयातील आकड्यांवरून गावाचे खरे चित्र मिळत नाही. डेंग्यूच्या बहुसंख्य संसर्गांत ठळक लक्षणेच दिसत नाहीत, आणि ताप आलेले अनेक जण रक्त न तपासता जवळच्या खासगी दवाखान्यातून सुई घेऊन परततात. म्हणून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या घरांतील लोकांचे रक्त घेऊन त्यातली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, तपासतात. आयजीएम प्रतिपिंडे अलीकडचा संसर्ग दाखवतात, आयजीजी जुना. डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू एकाच कुळातले असल्याने एलायझा या प्रतिपिंडे शोधण्याच्या नेहमीच्या चाचणीत एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याची भासू शकतात. मेंदूज्वराची लस दिलेल्या जिल्ह्यांत ही अडचण वाढते. तिथे प्रतिपिंडांच्या विषाणू निष्प्रभ करण्याच्या क्षमतेची अधिक कष्टाची चाचणी करावी लागते.

गावपातळीवरच्या शोधाने काय हाती लागते, हे पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसरमध्ये दिसले. जुलै 2021 मध्ये तेथे तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेलेल्या 5 नमुन्यांपैकी 3 मध्ये चिकुनगुन्या आढळला. तेवढ्यावर न थांबता संस्थेच्या पथकाने 27 ते 29 जुलैला बेलसर आणि परिंचे येथे जाऊन 41 जणांचे नमुने घेतले. त्यांत 25 चिकुनगुन्याचे, 3 डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. तो महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण होता आणि त्याच व्यक्तीला चिकुनगुन्याही झालेला होता. झिका गर्भाला घातक ठरू शकत असल्याने त्यानंतर गरोदर स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे लागले.

अशा पाहण्यांत कोण सुटते, हे नीट पाहायला हवे. दिवसा गेलेल्या पथकाला शेतकरी आणि मजुरांची दारे बंद मिळतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीनंतर कित्येक महिने गावात नसतात. फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, ती पिंपातले पाणी वापरतात आणि त्यांच्या रक्ताची, पिंपांची नोंद ना गावच्या यादीत होते ना कारखान्याच्या. पाहणी पावसाळ्यात, माणसे गावी असताना आणि पुन्हा तोडीच्या हंगामात फडावर, अशी दोनदा केली तरच ही कुटुंबे मोजली जातात. रक्त घेण्यापूर्वी लेखी संमती, लहान मुलांसाठी पालकांची संमती हे नियम आहेतच. तपासणीचा निकाल संबंधित कुटुंबाला त्याच्या भाषेत कळवणे मात्र अनेकदा राहून जाते आणि पुढच्या वेळी पथक आले की लोक रक्त द्यायला नकार देतात.