घराण्यात कुणालाच नाही, तरी आनुवंशिक?

"आमच्या सात पिढ्यांत असलं कुणाला नाही, म्हणजे हा आजार आनुवंशिक नाही." गोशे, हर्लर अशा, पेशीत न तुटलेला माल साचत जाणाऱ्या आजारांबद्दल हे हमखास ऐकू येतं. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकतो.

पेशीतला लायसोसोम, म्हणजे तिची पचनाची पिशवी, जुनी ग्लायकोप्रोटीनं (साखर जोडलेली प्रथिनं), मेदाचे रेणू तोडतो. प्रत्येक तोडणीला वेगळं विकर (एन्झाइम) लागतं. त्या विकराच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, माणूस ठणठणीत राहतो. बिघाड असा पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येतो. दोन्ही पालक वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेले, असले, तर मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येऊ शकतात. मग न तुटलेला माल पेशीत साचत जातो.

पडताळायचंय? दोन नाणी, एक आईचं, एक वडिलांचं, शंभरदा उडवा. काटा म्हणजे बिघडलेली प्रत. दोन्ही काटे साधारण 25 वेळा पडतील. नाण्याला मागची फेक आठवत नाही. तेव्हा पहिलं मूल आजारी म्हणून पुढची तीन सुटली, हेही खरं नाही. (हंटर आणि फॅब्री या अशाच आजारांचा हिशेब निराळा, ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं.)

आजारी मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत विकराचं काम फारच कमी आढळतं. वाहकांचे आकडे मात्र निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळतात, म्हणून पालकांची जनुकचाचणीच करावी लागते.