सीमाशुल्क सहकार्य, आंतरराष्ट्रीय

मालाचे वर्गीकरण, कागदपत्रे, तपासणी आणि तस्करीची माहिती यांबाबत देशोदेशींच्या सीमाशुल्क खात्यांनी एकमेकांशी मेळ घालण्याची व्यवस्था. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना तिचे केंद्र आहे. १९५२ साली परिषद म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेची पहिली बैठक २६ जानेवारी १९५३ रोजी भरली. तोच दिवस आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन म्हणून पाळतात. आजचे नाव १९९४ पासूनचे. भारत १९७१ पासून सदस्य आहे.

संघटनेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे १ जानेवारी १९८८ पासून लागू झालेली सुसंवादी वर्गीकरण प्रणाली, व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘एचएस कोड’. नाशिकच्या निर्यातदाराला तो तोंडपाठ असतो. फळांचे प्रकरण ०८, द्राक्षांचे शीर्षक ०८०६, ताजी द्राक्षे ०८०६१० आणि बेदाणा ०८०६२०. वाइन मात्र थेट २२०४ मध्ये जाते. हे सहा आकडे न्हावा शेवा आणि रॉटरडॅम या दोन्ही बंदरांत सारखेच वाचले जातात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. एका आकड्याची चूक झाली तरी शुल्काचा दर बदलू शकतो आणि कंटेनर अडकू शकतो.

द्राक्षाला थांबणे परवडत नाही. निफाड किंवा दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये पूर्वशीतन करून भरलेला माल युरोपात पोहोचायलाच तीन-चार आठवडे लागतात. त्यात बंदरावरचा प्रत्येक दिवस देठ सुकवतो आणि भाव पाडतो. म्हणूनच जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारातील नाशवंत मालाचे कलम नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. नियमांची पूर्तता झालेला असा माल कमीत कमी वेळात सोडावा आणि तपासणीत त्याला अग्रक्रम द्यावा, असे ते सांगते. भारताने हा करार एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तो जगभर अमलात आला.

वेग येतो तो विश्वासातून. सरसकट सगळे कंटेनर उघडण्याऐवजी जोखीम पाहून निवडक तपासणी करायची, हे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या १९९९ मध्ये सुधारलेल्या क्योटो कराराचे सूत्र आहे. तिच्याच २००५ च्या ‘सेफ’ आराखड्याने ‘अधिकृत आर्थिक चालक’ ही मान्यता रूढ केली. चोख नोंदी ठेवणाऱ्या उद्योगाला त्याच्या देशाने दिलेली ही मान्यता, परस्पर करार असल्यास, दुसरा देशही ग्राह्य धरतो. दक्षिण कोरियाशी भारताचा असा करार आहे. भारतात २०१७ पासून निर्यातदार पॅकहाउसमध्येच कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो.

शुल्क किती आणि निर्यात खुली की बंद, हे मात्र या सहकार्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ते ज्याचे त्याचे सरकार ठरवते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण ४० टक्के शुल्क लागू होते. सप्टेंबरात ते निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण हटले. या सगळ्या काळात कांद्याचा कोड ०७०३१० हाच होता.