स्थिर सुरातली हालचाल : डार्क ॲम्बियंटची पार्श्वभूमी

१९६० साली ला माँट यंग या तरुण अमेरिकन संगीतकाराने एक रचना लिहिली. कागदावर दोनच स्वर, बी आणि एफ शार्प. सोबत एकच सूचना: बराच वेळ धरून ठेवावे. वाचणाऱ्याला ही चेष्टाच वाटावी. पण बीला सा मानलं, तर एफ शार्प हा त्याचा पंचम होतो, आणि षड्ज-पंचम धरून ठेवण्याचं काम आपल्याकडे तंबोरा पिढ्यानपिढ्या करत आलाय. हल्ली रात्री हेडफोन लावून लोक तासन्‌तास जे काळोखं, संथ, जवळजवळ काहीच न घडणारं, सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्रावरचं संगीत ऐकतात, ज्याला डार्क ॲम्बियंट म्हणतात, त्याचा एक धागा थेट या कागदापर्यंत जातो.

यंगचा जन्म आयडाहोतल्या बर्न नावाच्या खेड्यातला. लाकडी ओंडक्यांच्या घरात घुमणारा वारा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरची घूं हे आपले पहिले सूर, असं तो सांगत आलाय. पुढे अली अकबर खाँसाहेबांची १९५५ची ध्वनिमुद्रिका त्याच्या हाती लागली आणि तीत त्याला सरोदइतकाच मागचा तंबोरा भावला. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टोनी कॉनरॅड, जॉन केल, मॅरियन झझीला वगैरे मंडळींबरोबर तो एकच सूर तासन्‌तास लावून बसायचा, आणि हा सूर जुळवलेला असायचा तिथल्या विजेच्या ६० हर्ट्झच्या गुणगुणीशी. (आपली वीज ५० हर्ट्झची. हा प्रयोग दादरला झाला असता, तर सा पेटीवर मोजून तीन पट्ट्या खाली आला असता.)

१९७० मध्ये यंगच्या पुढाकाराने पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला आले. किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँचे शिष्य. डेहराडूनजवळच्या तपकेश्वर गुहेत त्यांनी काही वर्षं काढली होती. यंग, झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचं रीतसर शिष्यत्व पत्करलं. किराण्याचं नाव निघालं की मराठी माणसाला अब्दुल करीम खाँ आठवतात, आणि त्यांच्यामुळे मिरज. अमेरिकन मिनिमलिझमच्या (मोजक्या सुरांवर चालणाऱ्या संगीताच्या) या शाखेचं नातं असं आडवळणाने का होईना, पण तंबोऱ्याच्या गावाशी येऊन भिडतं.

तंबोऱ्यावर इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण या संगीताची भुरळ नेमकी कशात आहे ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. भोपळ्यावरच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी खुलते: तार छेडल्यावर आधी एक ठोस स्वर ऐकू येतो, मग त्याच स्वराच्या पोटातून वरवरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. अंतर-गंधार कुणी वाजवलेला नसतो, तरी तो ऐकू येतो. म्हणजे वाजतो तो एकच सूर, पण आतून तो सारखा बदलत असतो. दोरा काढून टाका, तार नुसतीच टणटणते.

सिंथेसायझरमध्ये हेच काम दुसऱ्या वाटेने होतं. एक ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) ५५ हर्ट्झवर ठेवा, दुसरा ५५.२वर. दोन स्वर वेगळे ओळखू येत नाहीत. ऐकू येतो तो एकच जाड सूर, आणि दर पाच सेकंदांनी त्याला एक हेलकावा. तिसरा ऑसिलेटर आणखी थोडासा हलवला की हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा नमुना सहजी पकडता येत नाही. कान पुढचं काय ते हेरू पाहतो. ताल असता तर लगेच हेरलं असतं आणि चाल असती तर गुणगुणायला घेतलं असतं. इथे दोन्ही नाही. पूर्ण शांतता असती तर लक्ष दुसरीकडे गेलं असतं, पण तीही नाही. बदल इतका संथ होतो की तो होताना कळत नाही, झाल्यावर कळतो. मला विचाराल तर या संगीताची गुंगी सगळी इथेच आहे. काळोख, भीती, थडगी हा साज नंतर चढला.

हा साज चढायला सुरुवात झाली पश्चिम बर्लिनमध्ये. एडगर फ्रोजने १९६७ मध्ये टँजरीन ड्रीम हा गट काढला. भिंतीने वेढलेल्या त्या शहरातल्या तरुणांना ना इंग्रजी रॉकची नक्कल करायची होती, ना घरचं गुळगुळीत जर्मन लोकप्रिय संगीत हवं होतं. १९७२ साली या गटाचा ‘त्साइट’ आला: दोन तबकड्या, चार बाजू, चार लांबलचक तुकडे, चार चेलोवादक, आणि पोपोल वूह या गटातल्या फ्लोरियान फ्रिकेचा मूग सिंथेसायझर. ड्रम नाहीत, चाल जवळजवळ नाहीच. याच गटातून बाहेर पडलेल्या क्लाउस शुल्त्सेने त्याच वर्षी ‘इरलिश्ट’ काढला. त्यात सिंथेसायझर मुळीच नाही. बिघडलेला ऑर्गन, मोडतोड केलेला ॲम्प्लिफायर आणि वाद्यवृंदाच्या तालमीची उलटी फिरवलेली टेप यांतून तो काळाकुट्ट आवाज निघाला. काळोखाला महागडी यंत्रं लागत नाहीत, हे तेव्हाच ठरून गेलं म्हणायचं.

यंत्रं आली ती आपले दोष घेऊन. तेव्हाच्या मोठ्या मूगला स्मरणशक्ती नव्हती. आज लावलेला आवाज उद्या पुन्हा वायर जोडून, खटके फिरवून शोधावा लागे. शिवाय ऑसिलेटर तापला की सूर सरके. टँजरीन ड्रीमचा ‘फीड्रा’ १९७४ मध्ये आला. त्याच्या शीर्षक-तुकड्यात यंत्र तापत जातं तसा मूगचा स्वर हळूहळू ढळतो, आणि वादकांनी तो तसाच ठेवला. नीट कान देऊन ऐकलं तर ती सरक आजही पकडता येते. यंत्राची ती उणीवच त्या तुकड्याचा जीव झाली.

याच सुमारास पॅरिसमध्ये एक बाई कुणाच्या खिजगणतीत नसताना सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या. एलियान रादीग, जन्म १९३२. टेपवरच्या आवाजांतून संगीत रचणाऱ्या पिएर शेफर आणि पिएर आंरी यांच्याकडे टेप कापण्या-जोडण्याचं काम शिकलेल्या. सुरुवातीला त्या मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्यातल्या फीडबॅकवर काम करत. मायक्रोफोन इंचभर जरी हलला तरी शिट्टी बसायची, त्यामुळे तो नेमक्या अंतरावर, जवळजवळ श्वास रोखून धरावा लागे. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी एआरपी २५०० हा सिंथेसायझर मिळवला, आणि पॅरिसला आणताना त्याचा कीबोर्ड मुद्दाम मागे ठेवला. हाताशी पट्ट्या असल्या की बोटं चाल वाजवायला धावतात, आणि त्यांना चाल नकोच होती. मग तीसेक वर्षं त्यांनी त्या एकाच यंत्रावर काढली. एकेक खटका इतक्या संथपणे फिरवायचा की फिरल्याचं कळू नये.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर त्या तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या आणि काही वर्षं संगीतच थांबलं. परतल्यावर झालेली ‘त्रिलोजी द ला मोर’ ही सुमारे तीन तासांची रचना. तिचा पहिला भाग, १९८८चा ‘क्येमा’, मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या अवस्थांवर आहे. दुसरा ‘कैलाश’, मुलाच्या अपघाती निधनानंतरचा. मृत्यू हाच विषय असूनही यात घाबरवणारं काही नाही. डार्क ॲम्बियंटच्या याद्यांमध्ये रादीगबाईंचं नाव क्वचितच दिसतं. मला ते खटकतं.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मुळे ‘ॲम्बियंट’ (भोवताली नुसतं असणारं संगीत) हे नाव रूढ झालं. काळोखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९८२चा ‘ऑन लँड’. त्यात दलदल, बेडूक, दगड, दूरचं धुकं असा एक प्रदेशच उभा राहतो. संगीत म्हणजे एक जागा, ही कल्पना तिथे पक्की झाली.

त्या जागेचं तळघर केलं ते इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांच्या गोंगाटाचं संगीत करणाऱ्या मंडळींनी. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने १९७६ पासून कारखान्याचा खडखडाट, किंचाळ्या, कर्कश टेप यांचा मारा सुरू केला होता. १९८१ मध्ये गट फुटला. मारा करून दमलेल्या या वर्तुळातल्या काहींना मग त्या खडखडाटामागची पोकळी जास्त ओढून घेऊ लागली. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या एसपीके या गटाबरोबर काम केलेला वेल्सचा ब्रायन विल्यम्स लस्टमोर्ड या नावाने तळघरांत, गुहांत, कत्तलखान्यांत जाऊन ध्वनिमुद्रण करू लागला. १९९० चा त्याचा ‘हेरेसी’ आजही या प्रकाराचा पाया मानला जातो. त्यात त्याने ते सगळे आवाज खाली ओढले, ताणले, आणि ऐकणाऱ्याला जमिनीखाली नेऊन बसवलं.

जमिनीखालीच का, याचं उत्तर आवाजाच्या शेपटीत आहे. टाळी वाजवल्यावर तिचा घुमार किती वेळ टिकतो यावरून कानाला जागेचा अंदाज येतो, डोळे मिटलेले असले तरी. बैठकीच्या खोलीत तो अर्धा सेकंद, मोठ्या चर्चमध्ये सात-आठ सेकंद. १९८८ मध्ये पॉलिन ऑलिव्हेरोस ही अमेरिकन संगीतकार आणि तिचे साथीदार वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वॉर्डनच्या रिकाम्या पाणीटाकीत उतरून वाजवायला बसले, तिथे हा घुमार ४५ सेकंदांचा होता. स्कॉटलंडमध्ये इंचिनडाउनला दुसऱ्या महायुद्धासाठी डोंगर पोखरून केलेल्या तेलटाक्या आहेत. तिथे मोजलेला आकडा १२५ हर्ट्झला ११२ सेकंद. एवढ्या मोठ्या बंदिस्त जागेत माणूस सहसा जात नाही, आणि गेला तर सावध असतो. कृत्रिम घुमारयंत्राने तीच जागा हेडफोनमध्ये उभी केली की अंग आपोआप सावध होतं, पण समोर येत काहीच नाही. सावधपणा आणि सुस्ती एकाच वेळी अनुभवायला मिळते.

याच काळातलं सर्वांत विक्षिप्त उदाहरण नर्स विथ वूंड या प्रकल्पाच्या स्टीव्हन स्टेपल्टनचं. १९८८ च्या ‘सॉलिलोक्वी फॉर लिलिथ’साठी त्याने इफेक्ट पेडल (वाद्याच्या आवाजात फेरफार करणारी छोटी यंत्रं) एकमेकांना गोल जोडले. आत कुठलंही वाद्य नाही. यंत्रं स्वतःचीच गुणगुण ऐकून गुणगुणत राहिली, आणि स्टुडिओतल्या विजेच्या कसल्याशा दोषामुळे पेडलजवळ हात नेला की सूर बदलायचा. तीन तबकड्या भरल्या त्या एवढ्यावर.

‘डार्क ॲम्बियंट’ हे नाव आलं स्वीडनमधून. लिंशपिंगच्या रॉजर कार्मानिकने १९८७ मध्ये कोल्ड मीट इंडस्ट्री ही रेकॉर्ड कंपनी काढली होती; पेटर अँडरसनच्या रेझों देत्र या प्रकल्पाचं वर्णन करताना नव्वदच्या सुरुवातीला त्याने हा शब्द वापरला असं मानलं जातं. त्या प्रकल्पात काय, तर धार्मिक समूहगान, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आणि खाली अखंड खर्ज. शेजारच्या नॉर्वेत ब्लॅक मेटल या कर्कश रॉक प्रकारातून बाहेर पडलेल्या मॉर्टिसने स्वस्त कीबोर्डवर किल्ले-दरबारांची संथ संगीतं केली. त्याला पुढे डंजन सिंथ म्हणू लागले. १९९६ च्या ‘क्वेक’ या गेमला नाईन इंच नेल्सचं संगीत होतं, १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ला अकिरा यामाओकाचं. अनेकांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते गेम खेळताना.

या सगळ्याच्या आधीच, १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ हा डिजिटल सिंथेसायझर आला होता. त्याचा सूर यंत्र तापो न तापो, जागचा हलत नसे. सूर सरकण्याची वीस वर्षांची कटकट मिटली, आणि धरून ठेवलेला स्वर निर्जीव वाटायला लागला. आता संगणकावरच्या बऱ्याच सिंथमध्ये ‘ड्रिफ्ट’ नावाचा खटका असतो. तो फिरवला की सूर जुन्या मूगसारखा मुद्दाम ढळतो. पॉल नास्काच्या पॉलस्ट्रेच या मोफत सॉफ्टवेअरने तर कुठलाही आवाज हवा तितका ताणता येऊ लागला. २०१० मध्ये जस्टिन बीबरचं एक गाणं आठपट संथ करून कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि लाखोंनी ते कौतुकाने ऐकलं. मूळ गाण्याला नाकं मुरडणारेही त्यात असणारच.

सध्या या प्रकाराचा मोठा पसारा सायमन हीथच्या क्रायो चेंबर या कंपनीकडे आहे. तासातासाचे सलग तुकडे यूट्यूबवर मिळतात आणि लोक ते अभ्यासाला, झोपायला, कोड लिहायला लावतात. ऐकायचंच असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत, आणि ५५ हर्ट्झचा हेलकावा तर कुठल्या कुठे जातो. उरतो तो वरचा खरखराट, आणि तेवढ्यावरून हे संगीत कंटाळवाणं ठरवून मोकळे झालेले कितीतरी लोक मी पाहिलेत.