नर-मादी बेडकांचे पांगणे : आनुवंशिक अभ्यास

जन्मलेल्या पाणवठ्यापासून दूर जाऊन दुसऱ्या ठिकाणी प्रजनन करणे म्हणजे पांगणे. दरवर्षी ठरावीक तळ्याकडे जाणे आणि परतणे यात मोडत नाही. नर जास्त पांगतात की माद्या, हे बेडकांच्या डीएनएवरून ताडण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे.

सस्तन प्राण्यांत बहुधा नर घर सोडतात, पक्ष्यांत माद्या, असे प्राणिशास्त्रज्ञ पॉल ग्रीनवुड यांनी 1980 मध्ये दाखवून दिले. बेडकांना असा एकच नियम लावता येत नाही, आणि म्हणूनच हा विषय महत्त्वाचा आहे. खुणा करून बेडूक पुन्हा पकडण्याची जुनी पद्धत येथे अपुरी पडते. बरेचसे पांगणे अगदी लहान वयात होते, आणि नखाएवढ्या पिल्लावर केलेली खूण पुढे सापडेलच असे नाही. शिवाय नर रात्रभर ओरडत असल्याने सहज हाती लागतो. मादी मात्र अंडी घालण्यापुरती पाण्यावर येते आणि निघून जाते.

आनुवंशिक पद्धतीत तोंडाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा किंवा बोटाचा बारीक तुकडा पुरतो. त्यातील मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतील पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, वाचले जातात. मग प्रत्येक बेडकाचा जनुकीय नमुना तो जिथे सापडला त्या तळ्यातला वाटतो का, हे गणिताने तपासून त्याला गुण (आकडा) देतात; नमुना त्या तळ्याशी जितका जुळेल तितके गुण जास्त. जे लिंग जास्त पांगते त्यात स्थानिक आणि बाहेरचे असे दोन्ही बेडूक मिसळलेले असतात. त्यामुळे त्या लिंगाचे गुण सरासरीने कमी येतात आणि अधिक विखुरलेले असतात. तळ्यातळ्यांमधला फरकही त्या लिंगात कमी दिसतो.

यात एक अट फार कडक आहे. नमुने पांगून झालेल्या प्रौढांचेच हवेत. आई-वडिलांकडून आलेली जनुके पुढच्या पिढीत नर-मादी दोघांतही सारखीच वाटली जातात, त्यामुळे टॅडपोल, म्हणजे बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्ले, तपासली तर फरक पुसला गेलेला असतो. पांगण्यातला कल ठळक नसेल तर या चाचण्या तो पकडत नाहीत. म्हणून ‘फरक आढळला नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘दोघे सारखेच पांगतात’ असा घेऊ नये.

पनामातील गाम्बोआ परिसरात टुंगारा बेडकावर झालेला अभ्यास (2003) या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 17 समूहांतील 668 बेडूक तपासले गेले. समूहांमधली अंतरे 0.26 ते 11.8 किलोमीटर होती. अंतर वाढेल तसा जनुकीय फरक वाढत गेला, आणि मधली नदी जनुकांच्या देवाणघेवाणीला मोठा अडसर ठरली. बहुतेक चाचण्यांत नर-मादींत फरक आढळला नाही; फक्त गुणांच्या विखुरलेपणाच्या चाचणीत नर जास्त पांगत असल्याचे दिसले. एवढ्या मोठ्या नमुन्यातूनही सगळ्या चाचण्या एका सुरात बोलतील अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

अमेरिकी बुलफ्रॉगमध्ये (2003) आणि युरोपातील सामान्य बेडकात, म्हणजे राना टेम्पोरारियात (2004), याउलट माद्या जास्त पांगत असल्याचे संकेत मिळाले. बुलफ्रॉगचा नर तळ्याच्या काठाचा तुकडा राखतो आणि मादी अशा नरांतून निवड करते. राखलेली जागा सोडणे नराला परवडत नाही, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. पण सगळ्या बेडकांना ते लागू करता येणार नाही.

तंतुकणिकेतील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील) डीएनए फक्त आईकडून येतो. तो तळ्यागणिक वेगळा आणि केंद्रकातील डीएनए मिसळलेला असेल, तर नर फिरतात असा अंदाज बांधतात. मात्र तंतुकणिकेतील डीएनए योगायोगानेही लवकर वेगळा होत जातो, हे हिशेबात धरावे लागते.

सस्तन प्राण्यांत फक्त नराकडे असणाऱ्या वाय गुणसूत्रावरून नरांचा माग काढता येतो. बेडकांत तो मार्ग बहुधा बंद असतो, कारण अनेक जातींत लिंग ठरवणारी गुणसूत्रे दिसायला सारखीच असतात. शिवाय लिंग ठरवण्याची रीतही एकसारखी नसते: जपानमधील ग्लँडिराना रुगोसा या एकाच बेडूक-जातीच्या काही समूहांत नराकडे एक्स-वाय ही वेगवेगळ्या गुणसूत्रांची जोडी असते, तर काहींत मादीकडे झेड-डब्ल्यू अशी जोडी असते.