हेलियम विजयदुर्गावर सापडला का?

विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवताना हमखास सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम हा वायू शोधला. गोष्ट झकास आहे, पण तिच्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याच्या मदतीला 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरची मंडळी होती.

मग १८६८ मध्ये झालं काय? गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, असे बरेच जण दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून बसले होते. बारीक फटीतून आलेला प्रकाश लोलकातून नेला की रंग सुटे होतात. प्रकाश तापलेल्या विरळ वायूचा असेल, तर सलग पट्ट्याऐवजी सुट्या चमकत्या रेघा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागीच पडतात. किर्खहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हायडेलबर्गला हे दाखवून देऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांत हायड्रोजनच्या रेघा दिसल्या. आणखी एक पिवळसर रेघ होती, ती हर्शेलने सोडियमची धरली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हाताशी वेळ होता काही मिनिटांचा! जान्सेनला मात्र रेघा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पकडल्या. हीच युक्ती लॉकियरला स्वतंत्रपणे साधली २० ऑक्टोबरला. आता निवांत मोजमाप करता येत होतं. सोडियमच्या जोडरेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात. ही पिवळी रेघ होती ५८७.६ ला. माझ्या मते खरा शोध आहे तो या दीड नॅनोमीटरच्या फरकाकडे काणाडोळा न करण्यात.

ही रेघ पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची (म्हणजेच हेलियमची) आहे, हे लॉकियरचं म्हणणं बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना पटलं नाही. एका रेघेवर मूलद्रव्य कसं मानायचं? अखेर १८९५ मध्ये लंडनला रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी आरगॉन वायूच्या शोधात क्लेव्हाइट हे युरेनियमयुक्त खनिज आम्लात टाकून वायू काढत होता, त्या वायूत हीच रेघ मिळाली. तो वायू युरेनियमच्याच किरणोत्सर्गातून खनिजात साठला होता, पण हे रॅमझीला कळायला मार्ग नव्हता. किरणोत्सर्ग उजेडात आला त्याच्या पुढच्या वर्षी.